नळी बदलताना

संपादक मंडळातील विद्यार्थी लेख मागण्यास घरी आले, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नेहमीप्रमाणे संतसाहित्यावर काहीतरी देईन. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी वार्षिकासाठी माझ्याकडून चार पाने घेण्याची प्रथा त्यांनी पाळली आहे, याचा मला आनंद वाटतो. पण बोलता बोलता त्यांतल्या एकाने भलताच प्रश्न विचारला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या 'थ्री पोझिशन्स' प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. तेजस्विनी सावंत हिने तर २०१० सालीच म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. "सर, तुम्ही एन.सी.सी. पाहत होता ना? ही रायफल असते तरी कशी?" या प्रश्नाचे तोंडी उत्तर देता देता चहा निवला. म्हटले, लेखच लिहावा.

प्रथम थोडे शब्दांविषयी, कारण मी अखेर भाषेचाच शिक्षक. 'रायफल' हे नाव मूळच्या 'ओरखडणे' अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाकडे जाते. नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्रासारख्या खाचा ओरखडलेल्या असतात, म्हणून ती रायफल. गुळगुळीत नळीची ती नुसती बंदूक. आपल्या भाषेने या यंत्रात प्राणी भरले आहेत. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असते ती माशी, आणि आपण दाबतो तो घोडा. नळी साफ करण्याच्या सळईला आपल्याकडे गज म्हणतात. हा गज काही हत्ती नव्हे. पण माझ्या हातून त्याने हत्तीएवढीच नासधूस केली. ती हकिगत सांगण्यासाठीच हा प्रपंच.

ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर वापरतात ती रायफल .२२ बोअरची, बोल्ट पद्धतीची. दाराच्या कडीसारखा बोल्ट उचलून मागे ओढायचा, एक काडतूस घालायचे, बोल्ट पुढे सारून खाली पाडायचा. दर गोळीला हा सोपस्कार. गोळी शिशाची, वजनाने अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. सव्वादोन फुटांच्या नळीतल्या खाचा सामान्यतः दर १६ इंचांत एक पूर्ण वळसा घेतात. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाहून किंचित कमी, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवलेला असतो; म्हणजे ती नळीबाहेर पडते तेव्हा सेकंदाला जवळजवळ ८०० गिरक्या घेत असते. भोवरा फिरतो आहे तोवर उभा राहतो, तशी ही गोळी गिरकीच्या बळावर नाकासमोर जाते. आणि भोवरा सोडताना जाळीला जरासा हिसका बसला तर तो जसा हेलकावत फिरतो, तशीच नळीचे तोंड सोडताना धक्का बसलेली गोळीही. आजच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेव्हा हेलकाव्याला तिथे जागा नाही.

गोष्ट १९८६ सालची. महाविद्यालयातील एन.सी.सी. माझ्याकडे होती आणि जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या कामातही मी लक्ष घालीत असे. क्लबकडे परदेशी बनावटीची एक चांगली .२२ टार्गेट रायफल होती. त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी फार चांगला नेम धरीत असे. (अंजली भागवत यांचे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. त्याही मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एन.सी.सी.तूनच पुढे आल्या आणि २००० साली सिडनीला अंतिम फेरीत पोचल्या. मुलींनी रायफल हाती घेण्याचे कौतुक आणि कुजबूज, दोन्ही १९८६ मध्ये सारखीच होती.) ही मुलगी शेतकरी घरातली, मितभाषी, आणि तिला एक वही ठेवण्याची सवय होती.

या वहीविषयी सांगायला हवे. नेमबाजीत 'कॉल' नावाची एक शिस्त आहे. घोडा सुटला त्या क्षणी माशी कुठे होती हे नेमबाजाने ओळखायचे आणि दुर्बिणीतून लक्ष्य पाहण्यापूर्वीच सांगायचे की गोळी कुठे लागली असेल. दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतात. 'नऊ, तीन वाजता' म्हणजे नवव्या वर्तुळात, उजवीकडे. मग दुर्बीण लावून पडताळायचे. ज्याचा कॉल बरोबर येतो त्याला स्वतःच्या चुका कळतात, आणि चुका कळल्या की अर्धे शिक्षण झाले. ही मुलगी वहीत दोन रकाने आखी: एकात कॉल, दुसऱ्यात प्रत्यक्ष भोक. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन रकाने जुळेनासे झाले. तिने मला दोनदा सांगितले, "सर, ही गोळी माझी नव्हे." वर्गात ज्या आवाजात मी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढी त्याच आवाजात मी म्हणालो, "वहीत कारणे लिहीत बसण्यापेक्षा बोट नीट ठेव." ती पुन्हा काही बोलली नाही. डिसेंबरातल्या निवड चाचणीत ती चार गुणांनी मागे पडली आणि नंतर सरावाला येईनाशी झाली.

जानेवारीत क्लबमधल्या एका जुन्या, मुरलेल्या नेमबाजाने तीच रायफल घेतली आणि त्याच्याही गोळ्या मधूनच भरकटू लागल्या. तेव्हा माझी झोप उडाली. वही क्लबच्या कपाटात राहिली होती. ती घरी आणून रात्री कंदिलाखाली (वीज गेली होती) शेवटच्या ६० गोळ्या तपासल्या. ४९ गोळ्या तिने सांगितल्या तिथे लागल्या होत्या. ११ गोळ्या कुठेही, एक वर, एक डावीकडे, एक खाली. बोट ओढले जात असेल तर गोळ्या ठरावीक बाजूला जातात, श्वास चुकला तर वरखाली होतात. अकरा चुका अकरा दिशांना जाव्यात, असा दोष माणसाच्या हातात सहसा नसतो.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. काडतुसांची दुसरी पेटी वापरली, कारण .२२ च्या काडतुसांत एका उत्पादनाच्या खेपेचा दुसरीशी स्वभाव जुळत नाही. फरक पडला नाही. लाकडी दस्त्याला यंत्रभाग धरून ठेवणारे स्क्रू पाहिले, घट्ट होते. मागची दुर्बिंदी हलत नव्हती. नळी आणि लाकूड यांत फट हवी, नळी कुठेही टेकता कामा नये. एक रुपयाची नोट फटीत घालून पुढून मागपर्यंत ओढून पाहिली, कुठे अडली नाही. राहिली फक्त नळी.

शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक बंदूक दुरुस्तीचे एक जुने दुकान होते. येथे विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण तेव्हा काय आणि आज काय, सुटी नळीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने शस्त्रातच जमा होते आणि दुरुस्तीचे काम परवान्याशिवाय करता येत नाही. हा लेख वाचून कुणी घरच्या घरी पान्हे शोधू नयेत. मी स्वतः त्या कामात फक्त दिवा धरण्याचे काम केले आहे.

मिस्त्री साठीच्या पुढचे, मूळचे लष्करी कारखान्यात काम केलेले. रायफल खोळीतून काढली, बोल्ट काढून ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, गज कुठनं घालता?"

"तोंडाकडून," मी म्हणालो. "घोड्याच्या यंत्रात तेल जाऊ नये म्हणून. रोज सरावानंतर. लोखंडी गज आहे, तीन तुकड्यांचा."

"रोज?"

"रोज. मी स्वतः उभा राहून करून घेतो."

ते काही बोलले नाहीत. शिशाची एक छोटी गुळी त्यांनी तेलात बुडवली, मागच्या बाजूने नळीत बसवली आणि पितळी सळईने पुढे सारू लागले. दोन विती सरकल्यावर सळई माझ्या हातात दिली. "आता तुम्ही ढकला. डोळे मिटून."

मी डोळे मिटले. गुळी एकसारख्या जोराने पुढे जात होती. लोण्यातून नव्हे, घट्ट मळलेल्या कणकेतून बोट जावे तशी. खाचांप्रमाणे सळई हातात हळूहळू वळत होती. आणि शेवटच्या दीडएक इंचात एकदम काहीच लागेना. गुळी माझ्या जोराची वाट न पाहता पुढे घसरली आणि टेबलावर टपकन पडली. चांगल्या .२२ नळीत तोंडाशी जरासा अधिक आवळपणा असावा लागतो. माझी नळी नेमकी तिथेच सैल होती. भिंगातून त्यांनी मला तोंडाची कड दाखवली. ती एका अंगाला झिजून चंद्रकोरीसारखी झाली होती. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू चारी बाजूंनी एकदम सुटायला हवा. कड एका बाजूला झिजलेली असली की तिकडून तो आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. हाच तो भोवऱ्याचा हिसका.

माझ्या तीन तुकडी गजाचे सांधे कडेवर रोज घासत होते. जुन्या ली-एनफील्ड रायफलींच्या बाबतीत हा रोग सैन्याला चांगला ठाऊक होता. दस्त्यातल्या कप्प्यात तेलाची पितळी बाटली आणि दोरीचा पुल-थ्रू असे; त्याला चिंदी लावून नळीतून ओढायचे. दोरी वाकडी ओढली की तोंडाची कड कापली जाई. एन.सी.सी.तल्या ज्या कुणी चिंदी ओढली आहे त्याने 'सरळ ओढ' ही आरोळी ऐकलेली असणारच. मी ती आरोळी कित्येक वर्षे ठोकली होती. बोल्ट पद्धतीच्या रायफलीत तर बोल्ट काढला की मागून सरळ रस्ता मोकळा असतो, तोंडाकडून गज घालण्याचे कारणच नाही. तरी घातला. शिस्त म्हणून.

दोन इंच कापून नवे तोंड करता येईल का, असे मी विचारले. तसे करतात; पण माशीची बैठक मग सरकवावी लागते, आणि मिस्त्रींनी मागच्या बाजूने दिवा धरून दुसरा दोष दाखवला. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची कोठी, तिच्या लगेच पुढे गंजाचे बारीक खड्डे होते. गेल्या पावसाळ्यात रायफल तेलावाचून कपाटात पडली होती. तेही खाते माझ्याच नावावर. जुनी नळी पोखरून आत खाचांची नवी नलिका बसवण्याची एक रीत इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने प्रसिद्ध केली होती, पण इतका खटाटोप करण्याची मिस्त्रींची तयारी नव्हती. सुदैवाने क्लबकडे त्याच बनावटीची आणखी एक रायफल होती, प्रवासात दस्ता दुभंगलेली. तिची नळी जवळजवळ कोरी होती. कागदपत्रे करून ती नळी दुकानात पोचायला मार्च उजाडला.

या रायफलीची नळी आट्यांनी पिळून बसवलेली नव्हती. नळीचे मागचे टोक पुढच्या भोकात घट्ट सरकवलेले आणि एका आडव्या पोलादी खिळीने अडवलेले. खीळ काढण्यापूर्वी मिस्त्रींनी तिच्यावर रात्रभर तेल सोडून ठेवले. सकाळी पितळी ठोकणीने तीन ठोके दिले आणि ती बाहेर आली. नळी लाकडी जबड्यात धरली, पण ती फिरू लागली, तेव्हा जबड्याला राळेची पूड चोळली. कुस्तीच्या आखाड्यात माती लावतात तशी! पकड बसली आणि नळी सुटून आली. नवीही सरकली, खांद्यापर्यंत बसली. मला वाटले, झाले. इथून पुढे खरे काम सुरू झाले.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी एक कड असते, जाडी सुमारे एक मिलिमीटर. याच कडेत ठिणगीचा मसाला भरलेला असतो. बोल्ट मिटल्यावर बोल्टचे तोंड आणि कड टेकते ती जागा, यांत त्या कडेपुरतेच अंतर राहिले पाहिजे. या अंतराला हेडस्पेस म्हणतात. कमी पडले तर बोल्ट मिटताना कड चेचली जाते. जास्त झाले तर ठोका अर्धामुर्धा बसतो, दर गोळीची पेट वेगळी होते, आणि फारच सैल असेल तर कड फाटून गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. लष्कराच्या चार नंबरच्या ली-एनफील्डमध्ये यावर सोपा तोडगा होता: बोल्टचे डोके वेगळे निघते आणि ० ते ३ अशा क्रमांकांची थोड्या थोड्या फरकाच्या लांबीची डोकी मिळत. इथे ती सोय नव्हती.

मिस्त्रींकडे बटणासारख्या दोन पोलादी चकत्या होत्या. पहिलीवर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसरी तिच्याहून केसभर जाड, तिच्यावर मिटता कामा नये. पहिलीवर मिटला. दुसरीवरही अगदी सहज मिटला. म्हणजे सैल. नळी किंचित अधिक मागे जायला हवी होती, आणि त्यासाठी तिचा खांदा लेथवर छिलायला हवा होता. किती? मायक्रोमीटरने मोजून ते म्हणाले, "सात शतांश." मिलिमीटरचे. वर्तमानपत्राचा कागद साधारण तेवढ्या जाडीचा असतो. लेथ फिरली, चकाकणारी धूळ पडली, कीस म्हणण्याएवढेही काही नव्हते. पुन्हा बसवून पाहिले. पहिलीवर बोल्ट मिटला, दुसरीवर अर्ध्यावर अडला.

पण नळी सात शतांश मागे गेली, त्याबरोबर तिच्यावरची खिळीची खाचही मागे गेली, आणि जुनी खीळ आता भोकात शिरेना. मग भोक रीमरने नखभरही नव्हे इतके मोठे केले आणि खीळ नवी, जरा जाड घडवली. ती ठोकण्यापूर्वी माशी सरळ उभी आहे ना हे पाहायला हवे होते. माशी कलली तर मागची दुर्बिंदी वरखाली करताना गोळी आडवीही सरकते. शिवाय काडतूस ओढून काढणाऱ्या नख्यांसाठी नळीत कोरलेल्या फटी आपापल्या जागी याव्या लागतात. मिस्त्रींनी दाराच्या चौकटीला गवंड्याचा ओळंबा टांगला, रायफल पाणसळीवर सपाट केली आणि मागून एक डोळा मिटून माशी ओळंब्याच्या दोरीशी मिळवली. "एवढं महागडं यंत्र, आणि शेवटी दोरीच खरी," असे काहीसे पुटपुटत त्यांनी खीळ आत घातली. सर्वांत शेवटी नळीच्या तोंडावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला. कडेला सुईएवढे कुसळ असते तरी कापसाचा तंतू अडकला असता. अडकला नाही.

नळीच्या बेरजा-वजाबाक्या पुरे झाल्या. परत आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई अंगणात शेंगा वाळत घालीत होती. मी वही परत दिली आणि नळीची सगळी हकिगत सांगितली. गज कुणी घासला तेही. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या दारात असे बोलणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नसावे. ती वही चाळत राहिली. मग म्हणाली, "सर, सांगितलं होतं मी." एवढेच. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. निवड चाचणी परत होणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

रविवारी ती मैदानावर आली. नवी नळी पहिल्यांदा तिनेच चालवावी असे मी ठरवले होते. पहिल्या दहा गोळ्या नळी 'बसण्यासाठी' मातीच्या बांधात गेल्या. मग वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या. लक्ष्य जवळ आणून त्यावर चार आण्याचे नाणे ठेवले तर पाचही भोके जेमतेम झाकली. मिस्त्रींसाठी तो कागद मी घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतर तिने पिशवी बाजूला सारली, पट्टा दंडाला आवळला आणि झोपून, आपल्या नेहमीच्या ढंगाने नेम धरला. मी शेजारी दुर्बीण लावून बसलो, वही माझ्या मांडीवर. दर गोळीला ती आधी बोले, मग मी पाही. दहा. दहा. नऊ, बारा वाजता. दहा. रकाने जुळत होते. सातव्या गोळीला रायफल वाजली आणि ती डोके न उचलताच म्हणाली, "ही माझी, सर. चुकली. आठ, चार वाजता."

मी दुर्बिणीतून पाहिले. आठ, चार वाजता.